कापूस भरून चाळीसगावकडे घाट उतरायचा आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला कोणता ब्रेक बसवावा?

वाटेत घाट आहे, तर दोन पाइपचा एअर ब्रेकच बसवा. यात एका पाइपमधून ट्रॉलीच्या टाकीत सतत हवा भरत असते आणि दुसरा पाइप पेडल दाबल्याचा इशारा नेतो. ट्रॉली सुटली किंवा हवेचा पाइप तुटला, तर दाब जाऊन ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागतात. उतारावर हाच गुण जीव वाचवतो. एकाच पाइपच्या साध्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये उलटं होतं: पाइप फुटला की तेल जातं आणि ब्रेकही. हा ब्रेक टिपिंगच्या, म्हणजे ट्रॉली उचलून रिकामी करायच्या लिव्हरला जोडून देणारे मेकॅनिक भेटतात. तसं अजिबात करू नका, कारण लिव्हरने ब्रेक हळूहळू, हवा तेवढाच लावता येत नाही. स्वस्त पर्याय म्हणजे ट्रॉलीने पुढे रेटलं की दांडीतली स्प्रिंग दबून लागणारा ब्रेक. शेत ते गाव अशा सपाट रस्त्यावर, हलक्या ट्रॉलीला तो चालेल. लांब उतारावर मात्र तो सारखा घासत राहून तापतो आणि तापला की पकड सोडतो.

एक अट आहे: एअर ब्रेकसाठी इंजिनवर चालणारा कंप्रेसर लागतो आणि तो प्रत्येक ट्रॅक्टरला बसत नाही. तुमच्या मॉडेलसाठी किट आहे का, ते आधी डीलरकडे विचारा.

आणि ब्रेक कोणताही असो, डांबरी रस्त्यावर येण्याआधी ट्रॅक्टरच्या ब्रेकची डावी-उजवी पेडलं पट्टीने जोडा. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि भरलेली ट्रॉली त्याच्यावर चढते.