जेवण फुकट मिळतं हो, डिझेल नाही

मी ट्रस्टांचे हिशेब बघतो, त्यात मंगल कार्यालयात उरलेलं जेवण वाटणारे चार-पाच ग्रुपही आहेत. लग्नसराई सुरू झाली की मेसेज सुरू, आणि प्रश्न दरवर्षी तेच.

प्रश्न : आम्ही सात-आठ मित्र उरलेलं जेवण वस्तीत नेतो. खर्चासाठी वर्गणी माझ्या जीपेवर घेऊ का?

नको. आपापसात काढताय तोवर ठीक, पण लोकांकडे मागायला लागलात की धर्मादाय आयुक्तांकडचं कलम ४१ क येतं, गणपती मंडळं घेतात तीच परवानगी. आणि त्याआधी एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचं रजिस्ट्रेशन, उरलेलं अन्न वाटणाऱ्यांसाठी २०१९ चे वेगळे नियमच आहेत.

प्रश्न : केटररला त्याने दिलेल्या जेवणाच्या किमतीची ८०जी पावती, म्हणजे इन्कम टॅक्समध्ये सवलतीची, हवीय.

मिळत नाही. ती सवलत पैशाला आहे, पुलावाला नाही.

प्रश्न : एकजण म्हणतो सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकामाचा पैसा, मिळवून देतो, १५ टक्के आधी द्या.

फोन ठेवा. असा पैसा घ्यायला नोंदणीचा सीएसआर-१ फॉर्म संस्था स्वतः भरू शकते, त्यावर प्रॅक्टिस करणाऱ्या सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागते. तीन वर्षांचं काम दाखवायला लागतं, ते नसेल तर हा माणूस काय जादू करणार आहे? ‘चेक देतो, ९० टक्के कॅश परत द्या’ म्हणणारा तर दारातही उभा करू नका.

प्रश्न : कंपनी सीएसआरमधून टेम्पो देतेय. मग आता वर्गणी कशाला मागायची?

अहो आता तर जास्त मागायला लागेल! एका ग्रुपला असाच टेम्पो मिळाला, उद्घाटनाला हार, पेढे, फोटो सगळं झालं, आणि सहा महिन्यांत तो सोसायटीच्या मागे उभा, बॉनेटवर शेवया वाळत घातलेल्या, कारण ड्रायव्हरचा पगार, डिझेल, इन्शुरन्स कोणी धरलंच नव्हतं. देणारा विचारतो माझ्या पैशात किती ताटं, पण जेवण तर फुकटच येतं ना, पैसा लागतो रात्री साडेअकराला ते उचलून आणायला. परवा मी स्वतः कार्यालयाच्या मागच्या दाराशी उभा होतो, मसालेभाताचं पातेलं, थर्मामीटर मधोमध खुपसला तर ६४ अंश आणि कडेला ४१. गरम जेवण ६० च्या वर राहायला हवं. पोरं म्हणतात काका वास तर मस्त येतोय! भात बिघडला तरी दर वेळी वास येतोच असं नाही हो. म्हणून झाकणाचे गरम डबे, थर्मामीटर, कुठून किती वाजता उचललं त्याची वही, हे बजेटमध्ये आधी लिहा आणि कंपनीशी वर्षभराच्या चालू खर्चाचं बोलून मगच हो म्हणा. टेम्पो संस्थेच्या नावावर, सेक्रेटरीच्या नाही. करार सीएला दाखवल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : अमेरिकेतला मेहुणा ५०० डॉलर पाठवतोय, घेऊ ना?

पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून येत असतील तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन असेल, मग मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, लागते आणि नव्या संस्थेला ती लगेच मिळत नाही. पैसे खात्यात आल्यावर मला फोन करू नका, त्याआधी करा.