रेडिएटर गार पडला तर काय, आणि बाकीचं थोडं

ताई, तुम्ही विचारलंत की नोव्हेंबरात मालवणहून इंग्लंडला येतोय, भाड्याच्या घरातले रेडिएटर, म्हणजे खोली तापवणारे भिंतीवरचे गरम पाण्याचे पत्रे, नीट तापत नाहीत असं सगळे सांगतात, तर इथूनच छोटा हीटर आणू का. हीटर नको, तेवढ्या जागेत कुळथाची पिठी आणि सोलं घाला. व्हिसा, हेल्थ सरचार्ज सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी उगाळत नाही. मी वेंगुर्ल्याची, इकडे बरेच हिवाळे काढलेत.

रेडिएटरला हात लावून आधी बघा की गार नेमका कुठे आहे. वर गार आणि खाली गरम म्हणजे आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करून तो निवू द्या, वरच्या कोपऱ्यात चौकोनी तोंडाचा बारीक स्क्रू असतो, त्याची चावी हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. खाली जुनं फडकं धरून अर्धा आटा उलटा फिरवा, फुस्स करून हवा जाते, पाणी आलं की लगेच बंद. पाणी काळंकुट्ट असतं, कार्पेटवर सांडलं तर डिपॉझिट विसरा. हवा काढली की रेडिएटरचं पाणी तापवणाऱ्या बॉयलरचा दाबाचा काटा उतरतो, गार असताना तो १ ते १.५ बारच्या मधे हवा, नसेल तर फिलिंग लूपचा, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी भरायच्या छोट्या पाइपचा नळ हळू सोडून भरायचा आणि आठवणीने घट्ट बंद करायचा. सारखा उतरत असेल तर कुठेतरी गळतंय.

खाली गार, वर गरम असेल तर तळाला गंजाचा गाळ बसलाय, तो धुऊन काढायला प्लंबरच लागतो. एकच रेडिएटर गार असेल तर बाजूच्या आकडेवाल्या व्हॉल्व्हचं डोकं काढा, आतली पिन दाबली की वर उसळायला हवी, अडकली असेल तर हलकेच दाबत राहा, पकडीने ओढू नका, निघून आली तर घरात पाणी. आणि तो आकडा ५ वर नेला म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त खोली जास्त तापेपर्यंत रेडिएटर चालू राहतो. कडक थंडीत बॉयलरच बंद पडला तर त्यातलं पाणी घराबाहेर सोडणारा प्लास्टिकचा पाइप गोठलाय का बघा, कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही.

१९८५च्या भाडेकरू कायद्याच्या कलम ११ प्रमाणे हीटिंग चालू ठेवणं मालकाचं काम आहे, आणि गॅसच्या भागाला गॅस सेफमध्ये, म्हणजे गॅसची कामं करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत, नोंद असलेल्यानेच हात लावायचा. आमच्या पहिल्या घराच्या एजंटने फोनवर ऐकवलं होतं की तुम्ही गरम देशातले, म्हणून तुम्हाला जास्त वाजतं. अजून आठवलं की डोकं फिरतं. म्हणून फोन नको, ईमेल करा. त्याच घरात रेडिएटरवर कपडे वाळत घालून घालून भिंत अशी काळी झाली जशा आपल्याकडे जुलैत कपाटातल्या चपला हिरव्या होतात, आणि त्याचा दोषही आमच्यावरच.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो, कामाला जायचं, बस.

शाळेचं मात्र तुम्ही विचारलंच नाहीत आणि मला तेच सांगायचंय. इथे वर्ग वयावर ठरतो, लहान वर्गांना ३० मुलांची मर्यादा, जवळची शाळा भरलेली म्हणून काउन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, लांबची दिली, रोज दोन बस. ते चाललं असतं. पण माझी लेक गावच्या शाळेत धडे घडाघडा वाचायची आणि इथे बाईंनी तिच्या दप्तरात काय द्यावं तर नुसत्या चित्रांचं पुस्तक, एकही शब्द नसलेलं, का तर ती वर्गात बोलत नाही. ती ते उलटसुलट करून शब्द शोधत होती. मी जाऊन मराठी पुस्तक दाखवलं तर बाई गोड हसल्या, एवढंच. आता ती इंग्रजी फाडफाड बोलते, मराठी पाटी वाचायला मात्र माझ्याकडे बघते, आणि याचा राग कोणावर काढायचा तेच कळत नाही. आई फोनवर विचारते, थंडी पडली काय गो थंय, मी म्हणते घर मस्त गरम आहे, आणि अंगात दोन स्वेटर असतात कारण गॅसचं बिल.

असो. घर बघायला जाल तेव्हा हीटिंग लावायला सांगा आणि अर्ध्या तासाने प्रत्येक रेडिएटरला वर-खाली हात लावून बघा, एजंटने कितीही घड्याळ बघू दे.