पुड्याची पुडी झाली, तिला काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: "बिस्किटांचा दहाचा पुडा अजून दहालाच मिळतो, पण आतली बिस्किटं कमी झालीत. इंग्रजीत याला श्रिंकफ्लेशन म्हणतात. एका ठिकाणी 'आकुंचन-महागाई' असा शब्द वाचला, तो जिभेवर बसत नाही. मराठीत सरळ शब्द आहे का? आणि आमच्या घरी 'पुडा आटला' म्हणतात, ते बरोबर का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. 'पुडा आटला' हे अगदी बरोबर आहे. श्रिंक या इंग्रजी क्रियापदाला आटणे इतका जवळचा मराठी शब्द मला दुसरा दिसत नाही. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, उन्हाळ्यात विहीर आटते, चुलीवर दूध आटतं. विहीर तीच, पातेलं तेच, आतलं कमी. दहाच्या पुड्याचंही हेच झालंय. आकुंचन हा स्नायूंचा आणि हृदयाच्या ठोक्यांचा शब्द आहे, किराणा दुकानात तो उपराच वाटणार. तुमच्या जिभेनं तो नाकारला, ते योग्यच केलं.

फक्त एक खोच आहे. आटणे हे अकर्मक क्रियापद. विहीर आटली तर ती कुणी आटवलेली नसते. पुडा मात्र आपण होऊन आटत नाही. त्यासाठी साचा बदलावा लागतो, वेष्टनाची लांबी बदलावी लागते, छापलेला आकडा बदलावा लागतो. म्हणून बोलताना 'पुडा आटला' ठीक, पण लिहिताना 'पुडा आटवला' म्हणावं. मराठीनं ही सोय एका 'व'मध्ये करून ठेवली आहे. भाव वाढला आणि भाव वाढवला यांत जो फरक, तोच इथे. कर्ता दिसत असताना अकर्मक क्रियापद वापरून त्याला वाक्याबाहेर ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता नामाकडे. या प्रश्नावर पुष्कळांच्या तोंडी पहिलं उत्तर येतं ते 'मापात पाप'. कुणी 'दांडी मारणे' सुचवतं, तर उसाच्या पट्ट्यातली माणसं 'काटामारी' म्हणतात. तिन्ही शब्द जिवंत आणि जोरकस आहेत, पण इथे चालणार नाहीत. त्याचं कारण मला आमच्याच मोरीत सापडलं. भांडी घासायच्या साबणाची वडी आमच्याकडे वर्षानुवर्षं दहा रुपयांचीच येते. मागे एकदा नवी वडी साबणदाणीत ठेवली तर ती डुगडुगायला लागली. उलटी करून पाहिली. तळाला अंगठा बसेल एवढी खळगी होती. वरून लांबी-रुंदी जुन्या वडीइतकीच. वेष्टनाच्या पाठीमागे, चिकटवलेल्या घडीजवळ, बारीक अक्षरांत निव्वळ वजन छापलं होतं. घरच्या काट्यावर वडी ठेवली तर ती बरोबर तितकीच भरली.

म्हणजे मापात पाप नव्हतं. दांडी मारतात तेव्हा किलो म्हणून नऊशे ग्रॅम देतात. काटामारीत वजनकाटाच खोटं बोलतो. इथे काटाही खरा आणि छापलेला आकडाही खरा. कायद्याची बाजूही बघा. वेष्टित वस्तूंसाठी 2011 चे वैध मापनाचे नियम आहेत. चहा, बिस्किटं, साबण अशा काही वस्तू ठरावीक वजनांच्या पुड्यांतच विकायच्या, असा दंडक त्यांत होता. 2021 च्या दुरुस्तीनं तो काढून टाकला आणि त्याऐवजी ग्रॅममागची किंमत छापायला सांगितली. तेव्हा पुडा कितीही ग्रॅमचा केला तरी ते पाप नव्हे. जे खटकतं ते दुसरंच आहे: कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं केलेली कपात. नेमका शब्द हवा असेल तर हे लपवणं त्यात आलं पाहिजे.

थोडं मागे जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. पैसा स्थिर आणि माल कमीजास्त, ही आपल्याकडे भाव सांगायची जुनीच रीत. भावाला पूर्वी 'धारण' म्हणत, आणि धारण सांगायची ती रुपयाला इतके शेर, इतक्या पायल्या अशी. मुंबई इलाख्याची जिल्हावार इंग्रजी गॅझेटियरं उघडली तर ज्वारी-बाजरीचे भाव रुपयाला इतके पौंड (वजन) असेच मांडलेले दिसतात. तिथे आकडा मोठा म्हणजे स्वस्ताई आणि आकडा लहान म्हणजे दुष्काळ. आजच्या वाचकाला तो तक्ता पहिल्यांदा उलटाच वाटतो. भाजीबाजारात ही रीत अजून मोडलेली नाही. विसाला तीन जुड्या, पन्नासला दोन किलो, शंभरला डझन. काल मेथी विसाला तीन होती, आज दोन झाली, की तीही श्रिंकफ्लेशनच म्हणायची. पण तिथे भाजीवाली खड्या आवाजात सांगते, "आज दोनच येतील, ताई." महागाई आहे, चोरी-छपी नाही.

धान्य मापून विकत तेव्हाचाही एक शब्द इथे आठवतो: शीग. पायली, शेर, मापटं, चिपटं ही भरायची मापं. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मापाच्या काठाच्या वर धान्याचा जो शंकू उभा राहतो ती शीग. आपण एखादी गोष्ट शिगेला पोहोचली म्हणतो, ती हीच शीग. माझ्या लहानपणी गावी मापाडी पहिलं माप 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून टाकायचा आणि मग दोन, तीन मोजायचा. त्या वेळी आजीची नजर त्याच्या तळहाताकडे असायची. हात मापाच्या काठावरून फिरला की शीग गेली. माप तेच, पैसे तेच, शीग तेवढी नाही. साबणाच्या वडीच्या पोटातली खळगी म्हणजे उलटी केलेली शीगच. फरक इतकाच की तळहात आजीला दिसत होता.

आता 'महागाई' हा शब्द उघडून बघू. महाग हा संस्कृत 'महार्घ'पासून आला. अर्घ म्हणजे मोल. ज्याचं मोल मोठं ते महार्घ, प्राकृतात महग्घ, मराठीत महाग. त्याचा जोडीदार होता 'समर्घ', म्हणजे रास्त मोलाचं, स्वस्त. त्यापासून मराठीत 'सवंग' झालं. गुजरातीत ही जोडी अजून एकत्र नांदते, मोंघुं आणि सोंघुं. आपल्याकडे मात्र सवंगचा अर्थ घसरला. सवंग धान्य म्हणजे एके काळी स्वस्त धान्य, आणि आज सवंग लोकप्रियता म्हणजे हलक्या दर्जाची. जुन्या लिखाणात 'यंदा सवंगाई आहे' असं वाक्य भेटलं तर दचकू नये.

या व्युत्पत्तीतून आपल्या कामाचं एक निघतं. महाग होणं म्हणजे वस्तूमागचं मोल वाढणं. ते किंमत चढवून वाढेल किंवा माल उतरवून वाढेल, शब्दाला दोन्ही मान्य आहेत. शंभर ग्रॅमचा दहाचा पुडा ऐंशी ग्रॅमचा झाला तर वजन पाचव्या हिश्शानं घटलं, पण ग्रॅममागचा भाव दहा पैशांवरून साडेबारा पैशांवर गेला. म्हणजे सव्वापट. वीस टक्के गेले असं वाटतं आणि पंचवीस टक्के महाग पडतं. तेव्हा 'महागाई' हे मूळपद इथे चपखल बसतं, त्याला इंग्रजीतल्या इन्फ्लेशनचा (म्हणजे भाववाढीचा) 'फुगवटा' जोडायची गरज नाही. विशेषण तेवढं नेमकं शोधायचं.

इतर भाषांनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. श्रिंकफ्लेशन हा इंग्रजीतला जोडशब्द मेरियम-वेबस्टरच्या कोशात 2022 साली आला. फ्रेंचांनी त्याच धर्तीवर 'रेद्युफ्लासिओं' घडवला. त्यांच्याकडे 1 जुलै 2024 पासून मोठ्या दुकानांना अशा मालाजवळ तशी पाटी लावणं बंधनकारक झालं, तेव्हा शब्दाची गरज रोजचीच झाली. जर्मन लोक 'मोगेलपाकुंग' म्हणतात. मोगेल म्हणजे खेळातली लबाडी, पाकुंग म्हणजे वेष्टन. रडीचा डाव आपण म्हणतो तसा भाव त्यात आहे. मला सगळ्यात आवडला तो जपानी शब्द: 'सुतेरुसु नेआगे'. नेआगे म्हणजे भाववाढ, आणि सुतेरुसु हे इंग्रजी स्टेल्थचं जपानी रूप, रडारला न दिसणाऱ्या विमानांमुळे ओळखीचं झालेलं. जपान्यांनी आटण्यावर भर दिला नाही, चाहूल न लागण्यावर दिला.

ही चाहूल न लागू देणारी मराठी खूण आपल्या घरातच आहे. चोरखिसा, चोरकप्पा, चोरवाट, चोरदरवाजा, चोरपावलं. चोरखिसा हा चोराचा खिसा नव्हे. सदऱ्याच्या आतल्या बाजूला, बाहेरून न दिसणारा, तो चोरखिसा. चोरकप्प्यात आजीचे दागिने असत, चोरीचा माल नव्हे. अशा समासांत पहिलं पद म्हणून आलेला 'चोर' गुन्हा सांगत नाही, लपलेपण सांगतो. आणि आपल्याला नेमकं हेच हवं होतं: कायद्यानं चोरी नाही, पण दिसू नये अशी बेतलेली. म्हणून माझं उत्तर 'चोरमहागाई'. स्त्रीलिंगी, महागाईसारखाच चालणारा. 'या वर्षी उघड महागाईपेक्षा चोरमहागाईनं जास्त मारलं.' शब्द ऐकणाऱ्याला फोड करून सांगावी लागत नाही, ही त्याची खरी परीक्षा.

काही वर्तमानपत्रं 'छुपी भाववाढ' लिहितात. चूक नाही, पण ते वर्णन झालं, नाव नाही. आणि सामासिक 'चोर' हाताशी असताना 'छुपी'कडे का जावं? कोरडा, तांत्रिक शब्द हवा असेल, समजा एखाद्या अहवालात, तर 'वजनकपात' लिहावं. वेतनकपात, पाणीकपात, नोकरकपात यांच्या रांगेत तो सहज उभा राहतो. पण पाणीकपात महापालिका जाहीर करते, वजनकपात कुणी जाहीर करत नाही. तेवढं न्यून त्यात राहणारच. दुकानदारांचा आपसातला शब्द वेगळाच आहे. आमच्या कोपऱ्यावरचे वाणी म्हणतात, "भाव तोच आहे काका, ग्रॅमेज उतरलंय." ग्रॅमेज हा कंपन्यांच्या विक्रेत्यांकडून आलेला शब्द, आणि 'उतरलंय' अस्सल मराठी. धंद्याच्या बोलण्यात असे जोड पटकन बसतात, मला त्यांचं वावडं नाही.

नाम झालं, पण बोलताना आपण नामांनी कुठे बोलतो? त्यासाठी मराठी व्याकरणाचा एक जुना नियम कामाला येतो. आपल्याकडे मोठी वस्तू पुल्लिंगी आणि तिचीच लहान आवृत्ती स्त्रीलिंगी असते: डबा-डबी, लोटा-लोटी, गाडा-गाडी, दांडा-दांडी. तसंच पुडा आणि पुडी. पुडा भरलेला, आडवा, हातात मावेल न मावेल असा. पुडी म्हणजे वैद्याची, चिमटीत धरायची. म्हणून 'पुड्याची पुडी झाली' एवढं म्हटलं की वस्तू तीच राहिली आणि आटली, हे लिंग बदलताच कळतं. इंग्रजीला यासाठी दोन शब्दांची मोडतोड करून तिसरा घडवावा लागला. तुमच्या घरी 'पुडा आटला' म्हणतात, त्याच्या शेजारी हेही म्हणून बघा. 'पुड्याची पुडी केली' म्हटलंत तर कर्ताही वाक्यात येतो.

उलटा प्रवासही घडला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. पाचाच्या पुड्याची किंमत चार रुपये आणि काही पैसे करायची तर सुटे कुठून आणायचे? दुकानात सुट्याऐवजी गोळी हातावर ठेवतात, तशी गत व्हायची. मग काही कंपन्यांनी पाच-दहाची किंमत तशीच ठेवून आत माल वाढवला. त्याला अर्थातच चोरस्वस्ताई म्हणता येणार नाही, कारण ती वेष्टनावर ठळक अक्षरांत मिरवली जाते. तिथे सरळ 'पुडीचा पुडा झाला' म्हणावं.