वाचकांचे प्रश्न : वरात दारात पोचेपर्यंत ओठ टिकवणारा माऊथपीस कुठला?

प्रश्न (तासगाव) : नमस्कार सर, मी ब्रास बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो, पाच-सहा सीझन झालेत. माऊथपीस वाद्याबरोबर आलेला ७सी आहे. सुरुवातीला वरचे सूर झकास लागतात पण वरात तासभर पुढं सरकली की वरचा सी तर सोडाच, जी पण फाटायला लागतो, आणि नवरदेव मांडवाच्या दारात आल्यावर जिथं खरं वाजवायचं असतं तिथं मी खाली उतरून वाजवतो. बँडमधले एकजण म्हणतात बारीक माऊथपीस घे, हाय नोट आपोआप येतील. शिल्केचा १४ए४ए बघून ठेवलाय, घेऊ का? आणि ह्या नंबरांचं गणित काय असतं ते पण सांगा.

उत्तर : सुरुवातीला वरचा सी लागतोय म्हणजे तो सूर तुमच्याकडं आहे, ही पहिली चांगली गोष्ट. माऊथपीस कुणाला नवीन सूर देत नाही, जो आहे तो किती वेळ टिकेल यात मात्र त्याचा मोठा वाटा असतो. ट्रंपेटचा सी म्हणजे पेटीवरची काळी पाच, आणि पाच रेषांच्या वर दोन जादा रेघा मारून जो सी लिहितात तो वाजवताना तुमचे ओठ सेकंदाला साधारण ९३२ वेळा उघडमीट करत असतात. हे काम ओठांचंच, कुठलंही पितळ ते तुमच्यासाठी करणार नाही.

आता नंबर. इथं लोक हमखास फसतात कारण कंपन्यांचे नंबर एकमेकांच्या बरोबर उलटे आहेत. बाख कंपनीत आकडा जेवढा लहान तेवढा माऊथपीस रुंद, म्हणजे ३सी हा ७सी पेक्षा रुंद, आणि अक्षर ए कडं गेलं की कप, म्हणजे ओठ टेकतात तिथली आतली वाटी, खोल, ई कडं गेलं की उथळ. शिल्के आणि यामाहात सगळं उलटं, आकडा मोठा म्हणजे रुंद आणि ए म्हणजे सगळ्यात उथळ. म्हणून कुणी नुसतं "ए वाला घे" म्हणालं तर आधी विचारा कुठल्या कंपनीचा, नाहीतर उथळ मागवायला जाल आणि खोल कप घरी येईल. तुमच्या १४ए४ए मध्ये १४ ही रुंदी, पहिला ए म्हणजे उथळ कप, ४ म्हणजे थोडी सपाट कडा आणि शेवटचा ए म्हणजे मागची नळी, बॅकबोअर, घट्ट. यातला १४ नीट बघा. यामाहाच्याच यादीत विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या ११बी४ चा व्यास १६.४६ मिमी आणि १४ए४ए चा १६.८८ मिमी आहे, म्हणजे हाय नोटसाठी जगभर वापरला जाणारा हा साचा विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या माऊथपीसपेक्षा रुंदच आहे, उथळ आहे पण बारीक नाही. (मिमीची तुलना एकाच कंपनीच्या आत करा, प्रत्येकजण व्यास वेगळ्या खोलीवर मोजतो.)

तुमचे मित्र "बारीक" म्हणतात तेव्हा ते दोन गोष्टी एकत्र करतायत. रुंदी कमी केली तर ओठाचा कमी भाग थरथरतो, वर जाणं थोडं सोपं वाटतं, पण ओठ जाड असतील तर ते आत कोंबले जातात, आवाज चिमटल्यासारखा येतो आणि दमायला उलट लवकर होतं. उथळपणाचं काम वेगळं आहे. कपातली हवा कमी झाली की वाद्य वरच्या सुरांना जास्त साथ देतं आणि आवाजाला धार येते. उघड्यावर, शेजारी ताशा आणि पुढं दुसऱ्याच मंडळाचा डीजे असताना ही धार फार उपयोगाची, कारण तेवढंच ऐकू जायला कमी जोर लावावा लागतो आणि वाचलेला जोर शेवटच्या तासाला कामी येतो. ह्या एका कारणासाठी मी वरातीत वाजवणाऱ्याला थोडा उथळ कप घ्या म्हणेन.

थोडा. कारण तासभर वाजवल्यावर ओठ सुजतात, आणि सुजलेला ओठ कपात जास्त आत जातो. कप फार उथळ असेल तर तो तळाला टेकतो आणि सूर मधेच बंद पडतो, फाटत नाही, एकदम गप्प होतो. दुकानात ताज्या ओठानं वाजवून बघताना हे कधीच कळत नाही, तिथं प्रत्येक उथळ माऊथपीस जादूसारखा वाटतो, माणूस खूश होऊन पैसे देतो आणि पहिल्याच वरातीत हात कपाळाला लावतो. म्हणून माझं सांगणं एकच आहे, माऊथपीस दमलेल्या ओठानं निवडा. कुणाचा तरी मागून आणा, रिहर्सल दीड तास होऊ द्या, आणि मग तोंडाला लावा. आधी खालच्या सी पासून बोटं न हलवता जी, मधला सी असे वर चढा, मग वरचा जी अगदी हळू वाजवा. जोरात तर दमलेला माणूस पण ढकलून वाजवतो, हळू वाजवताना सूर लगेच बोलला तर माऊथपीस तुमचा. फुस्स करून मग लागला तर नाही. फोनवर ट्यूनर लावून वरचे सूर पण तपासा, उथळ कपावर ते चढे जातात आणि शेजारच्या क्लॅरिनेटशी भांडतात.

टिकायच्या बाबतीत कपाइतकीच, मला तर वाटतं जास्तच, महत्त्वाची असते ती कडा म्हणजे रिम. रुंद आणि जरा सपाट कडा दाब पसरवते, ओठाला बरं वाटतं, पण सुरावरून सुरावर सरकताना जड जाते. अरुंद कडेवर ओठ मोकळा हलतो पण ती रुतते. आतली धार तीक्ष्ण असेल तर सूर स्वच्छ सुटतो आणि दोन तासांनी ओठावर वळ उठतो. तुमची सध्याची कडा ओठाला मानवत असेल तर ती तशीच ठेवा आणि फक्त कप एक पायरी उथळ करा, एका वेळी एकच गोष्ट बदला. रुंदी, कडा, कप, नळी सगळं एकदम बदललं तर काय बरं झालं आणि काय बिघडलं हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि एक, वाद्याबरोबर आलेल्या माऊथपीसवर ७सी कोरलंय म्हणून तो बाखचा ७सी होत नाही. आपल्याकडं मेरठहून वगैरे येणाऱ्या वाद्यांबरोबर जे माऊथपीस येतात त्यांच्या कडेवरून नख फिरवून बघा, कुठं उंचवटा किंवा धार लागली तर कदाचित चांगला बनवलेला साधा ७सी किंवा ५सी घेऊनच तुमचं अर्धं दुखणं थांबेल. १४ए४ए वाईट नाही, पण तुमच्या जागी मी आधी हे करेन.

बदल लगीनसराईत करू नका. ओठाला नवीन माऊथपीसची सवय व्हायला काही आठवडे लागतात आणि त्या काळात जुना पण नीट वाजत नाही. आषाढी एकादशी झाली की लग्नाचे मुहूर्त थांबतात, गणपती भाद्रपदात, मधले दिवस ह्याच कामाचे. तेवढ्या दिवसात तासगावच्या रथाची तयारी पण होऊन जाईल.

शेवटचं, उजव्या हाताची करंगळी बघा. ती वरच्या आकड्यात अडकवून तुम्ही ट्रंपेट ओठावर ओढत असाल तर जगातला कुठलाही माऊथपीस तासाभरात हरणार. वरात चालू असताना करंगळी आकड्याच्या बाहेर ठेवून बघा, वरचा सूर गेला तर समजा तो हवेवर नव्हता, दाबावर होता. ओठाच्या कडा घट्ट, मधला भाग मोकळा, पोटातून हवा. आणि सुपारी घेतानाच मास्तरांशी बोलून घ्या की मुखडा ट्रंपेटनं घेतला तर अंतरा क्लॅरिनेट घेईल, दोन ट्रंपेट असतील तर आळीपाळीनं. जेवढं वाजवलं तेवढी विश्रांती हा नियम जगभरचे ब्रासवाले पाळतात. ओठ बधिर झाला किंवा आत टोचल्यासारखं दुखलं तर तिथंच थांबा, कुणी कितीही नोटा ओवाळल्या तरी. जास्त दाबानं ओठाचा गोल स्नायू फाटू शकतो, लुई आर्मस्ट्राँगच्या टोपणनावावरून डॉक्टर लोक त्याला सॅचमो सिंड्रोम म्हणतात.

प्रश्न (मिरज) : कुपवाड एमआयडीसीत ओळखीचा लेथवाला आहे, तो माऊथपीसचं भोक मोठं करून देतो म्हणतोय. हवा मोकळी गेली तर वरचे सूर सोपे होतील ना?

उत्तर : नका करू. कपाच्या तळाचं ते भोक म्हणजे थ्रोट, बाखमध्ये ते नेहमी २७ नंबरच्या ड्रिलचं असतं, ३.६६ मिमी. ड्रिलचा नंबर कमी झाला की भोक मोठं होतं, २६ म्हणजे ३.७३ मिमी, एका नंबरात मिमीचा दहावा भाग पण नाही आणि तरी वाजवणाऱ्याला फरक कळतो. लेथवाल्यानं सहज हाताशी असलेलं ४ मिमीचं ड्रिल घातलं तर भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ १९ टक्के वाढेल. हवा जास्त लागेल, मागून मिळणारा आधार कमी होईल, खालचे सूर भरदार होतील आणि तुम्ही अर्ध्या वेळात दमाल. मोठ्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्रात बसून वाजवणारे काहीजण मुद्दाम मोठं भोक घेतात, त्यांचं काम वेगळं. कापलेलं पितळ परत येत नाही. त्या लेथवाल्याकडून एक काम जरूर करून घ्या, माऊथपीसचं मागचं टोक पडून चेपलं असेल तर ते गोल करून घ्या, चेपलेल्या टोकानं वरचे सूर अडतात. आणि शँक, म्हणजे वाद्यात घुसणारा मागचा भाग, सैल बसतो म्हणून कागद गुंडाळत असाल तर तो पण बघा, बऱ्याचदा कॉर्नेटचा माऊथपीस ट्रंपेटला लावलेला सापडतो, त्याचा शँक बारीक असतो.

प्रश्न (सातारा) : मुलगी बारा वर्षांची आहे, शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवते. पुढच्या महिन्यात दातांना तारा बसणार आहेत. तिला वरचे सूर लागत नाहीत म्हणून छोटा माऊथपीस हवाय.

उत्तर : ताई, तारा बसेपर्यंत काहीच घेऊ नका. तारा बसल्यावर ओठाखालची जागाच बदलते, सुरुवातीला तिचे सध्याचे सूर पण जातील आणि ती रडकुंडीला येईल, तेव्हा तिला आधीच सांगून ठेवा की हे सगळ्यांचं होतं आणि परत येतं. दातांच्या डॉक्टरांकडून तारांवर लावायचं मेण मागून घ्या, वाजवताना लावायचं. रोज थोडं थोडं, मधल्या सुरात, न दाबता. वरचे सूर ह्या वयात मागायचे नसतात, बँडच्या सरांनी मागितले तर त्यांना तसं स्पष्ट सांगा.

प्रश्न (कराड) : माऊथपीसचा मुलामा गेलाय, पिवळं पितळ दिसतंय, ओठाला खाज येते. मे महिन्यात उन्हात तो भाजतो पण. काय करू?

उत्तर : उघडं पितळ ओठाला लावू नका, परत चांदीचा मुलामा करून घ्या, आणि चांदीनंही खाज येत असेल तर कडेला सोन्याचा. मुलामा करणाऱ्याला सांगा की आधी कडा जास्त घासू नको, घासली की माप बदलतं. उन्हासाठी पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे माऊथपीस मिळतात, ते तापत नाहीत आणि थंडीत गार पण पडत नाहीत, आवाज थोडा वेगळा येतो पण दुपारच्या मिरवणुकीला चालतो. रोजचा माऊथपीस कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं धुवा, छोटा ब्रश मागच्या टोकातून आत घाला. वाद्यात अडकला तर पक्कड लावू नका, दुरुस्तीवाल्याकडं पुलर असतो, त्यानं तो सरळ निघतो.