तुमचे प्रश्न : आपलं स्वतःचं पुस्तक बायबल सॉफ्टवेअरमध्ये कसं घालायचं?

मागच्या अंकात बायबल स्टडीच्या सॉफ्टवेअरवर दोन पानं दिली होती, त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांना एकच गोष्ट हवी आहे, कंपनीची पुस्तकं राहू देत, आमचं लिखाण त्यात कसं टाकायचं ते सांगा. तर यावेळी सगळी जागा त्यालाच.

प्रश्न : सर, सलाम. वडील पाळक होते. त्यांच्या संदेशांच्या वह्या आम्ही भावंडांनी वर्डमध्ये टाईप करून घेतल्यात. माझ्याकडे लोगोस हे बायबल स्टडीचं सॉफ्टवेअर आहे, धाकट्या भावाकडे त्याच कामाचं फुकटातलं द वर्ड (मायक्रोसॉफ्टचं वर्ड नव्हे). सगळ्याची एक पीडीएफ करून दोघांनी आपापल्या लायब्ररीत ठेवली तर चालेल का? — एक वाचक, नगर

उत्तर : सलाम. पीडीएफ वाटायला, छापायला करा, पण सॉफ्टवेअरसाठी नको. या सॉफ्टवेअरची सगळी मजा एवढ्यातच आहे की तुम्ही योहान ३ उघडलं की त्या अध्यायावर वडील जे बोलले ते शेजारच्या खिडकीत आपोआप यायला हवं. ते येत नसेल तर तुम्ही नुसतं एक कपाट बदललंत. आणि ते यावं म्हणून प्रत्येक संदेश वचनाला बांधावा लागतो, खरं काम तेच, बाकी बटणं दाबणं आहे.

लोगोसमध्ये डेस्कटॉपवर टूल्समध्ये पर्सनल बुक्स आहे, तिथे नाव, लेखक, भाषा, पुस्तकाचा प्रकार भरायचा, वर्डची डॉकएक्स फाईल जोडायची आणि बिल्ड म्हणायचं. अनुक्रमणिका ते वर्डच्या हेडिंग स्टाईलवरून बनवतं, त्यामुळे टायपिस्टने नुसतं ठळक आणि मोठं करून मथळे दिले असतील तर आधी सगळ्यांना हेडिंग १, हेडिंग २ लावून घ्या. प्रकार विचारतो तिथे लोक काहीही निवडतात. संदेश उताऱ्यावरचे असतील तर कॉमेंटरी, म्हणजे वचनागणिक भाष्य, निवडा, म्हणजे बायबलबरोबर ते पुस्तकही सरकतं, विषयावरचे असतील तर साधं पुस्तक ठेवा.

आता बांधायचं कसं. जिथे संदेश सुरू होतो तिथे दुहेरी चौकोनी कंसात अ‍ॅटचं चिन्ह, त्याला लागून इंग्रजीत बायबल हा शब्द, कोलन, आणि मग पुस्तकाचं इंग्रजी नाव, अध्याय, वचन. ही खूण वाचणाऱ्याला दिसत नाही, सॉफ्टवेअरला दिसते. मजकुरातल्या संदर्भासाठी वेगळी रीत, त्याच दुहेरी कंसात आधी जे दिसायला हवं ते, म्हणजे योहान ३:१६, मग एकापुढे एक अशी दोन मोठ्यापेक्षाची चिन्हं आणि मग इंग्रजी संदर्भ. इंग्रजीतले संदर्भ सॉफ्टवेअर बऱ्याचदा स्वतःहून ओळखतं, पण मराठीतलं "प्रे. कृत्ये" त्याला कळेल या भरवशावर राहू नका.

शेकडो संदर्भ हाताने करायचे नसतात, वर्डचं फाईंड-रिप्लेस घ्या, फक्त दोन ठिकाणी जपा. एक, क्रम. आधी "१ योहान", "२ योहान", "३ योहान" बदला आणि मग "योहान", उलटं केलंत तर पहिल्या योहानाच्या पत्रातली सगळी वचनं शुभवर्तमानात जाऊन बसतील आणि ते महिनाभर कुणाच्या लक्षातही येणार नाही. करिंथ, थेस्सलनी, तीमथ्य हेही आकड्यासकटच बदला. दुसरं, विसर्ग. आपल्याकडे टाईप करणारे अर्धे लोक ३:१६ मध्ये कोलनऐवजी विसर्ग मारतात, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात पण मशीनला तो विसर्ग म्हणजे अक्षराचा भाग वाटतो आणि लिंक काही लागत नाही. आकड्यांमधला विसर्ग आधी शोधून काढा. लिंकच्या आतले आकडेही इंग्रजी ठेवा, दिसणारे मराठी राहू देत.

धाकट्या भावाचं त्यापेक्षा सोपं आहे. द वर्डमध्ये नवीन रिकामं मॉड्यूल, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची पुस्तकाची फाईल, तयार करता येतं, तिथेही कॉमेंटरी, कोश, साधं पुस्तक असे प्रकार आहेत. कॉमेंटरी घेतली की वचन निवडायचं आणि त्यावरचा संदेश तिथे पेस्ट करायचा. सगळं एका फाईलमध्ये बसतं, तीच कॉपी करून दुसऱ्याला द्यायची. काम कंटाळवाणं आहे खरं, पण भावंडं जास्त असतील तर पुस्तकं वाटून घ्या, एकाने पत्रं, एकाने स्तोत्रं. आणि एक सांगतो, पाळकांच्या वह्यांत मंडळीतल्या लोकांची नावं असतात, कुणाचं आजारपण, कुणाच्या घरातलं भांडण, कुणासाठी प्रार्थना. घरात ठेवायचं तर राहू द्या, बाहेर द्यायच्या प्रतीतून ते काढा, आणि वर्डमधल्या बाजूच्या कॉमेंट्सही काढा, त्या लोक विसरतात.

प्रश्न : आमच्या शब्बाथ शाळेची पाठमाला श्री-लिपीत टाईप केलेली आहे. सॉफ्टवेअरमध्ये टाकली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतात. पुन्हा टाईप करावी लागेल का? — एक शिक्षिका, मिरज

उत्तर : नाही हो ताई. जुन्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजीचीच चिन्हं असतात, वर मराठी मुखवटा असतो, युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची सामायिक पद्धत, नसतं. कन्व्हर्टर मिळतात, पण तुमचा फॉन्ट नेमका कोणता ते बघून निवडा, कारण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असते. कन्व्हर्ट झाल्यावर रफार, ह्रस्व इकार आणि जोडाक्षरं तपासा, चुका तिथेच होतात. मूळ फाईल हरवली असेल आणि फक्त छापील प्रत असेल तर स्कॅन करून गूगल ड्राईव्हमधून डॉक्समध्ये उघडा किंवा चित्रातली अक्षरं ओळखणारं टेसेरॅक्ट वापरा, त्याला मराठी येतं, स्वच्छ छपाई असेल तर निकाल बरा येतो.

सगळं झालं तरी एक खोड राहते. "दुसऱ्या", "तुमच्या बरोबर असणाऱ्या" यातला ऱ्य दोन प्रकारे टाईप होतो, एकात खालच्या टिंबाचं ऱ असतं, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडणारा वर्ण. वाचताना काही फरक नाही, पण शोधताना एक प्रकार सापडतो, दुसरा सापडत नाही, आणि मग लोक म्हणतात सॉफ्टवेअरला मराठी येत नाही. कुठलाही एक प्रकार धरा आणि सगळीकडे तोच करा.

प्रश्न : आमच्या तरुण संघाला मराठी पवित्र शास्त्रच द वर्डमध्ये घालून सगळ्या ग्रुपला द्यायचं आहे. मुलं उत्साही आहेत, आठवड्यात टाईप करतील म्हणतात. करू का? — एक वाचक, जालना

उत्तर : टाईप करू नका आणि कुठलं भाषांतर घेताय ते आधी बघा. आपण देवळात वाचतो ते बायबल सोसायटीचं, त्यावर त्यांचा हक्क आहे. आपल्या प्रताधिकार कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२ खाली खाजगी अभ्यासासाठी सवलत आहे, म्हणजे स्वतःच्या कॉम्प्युटरवर अभ्यासापुरतं काही ठेवलंत तर एक गोष्ट, पण दोनशे जणांच्या ग्रुपवर फाईल सोडणं म्हणजे खाजगी अभ्यास नव्हे. "देवाच्या वचनाला कसला कॉपीराइट" असं दरवेळी कुणीतरी म्हणतंच. वचन देवाचं असेल, भाषांतर, प्रूफं आणि छपाई माणसांनी पगार देऊन करून घेतलेली असते.

त्यांना चालण्यासारखे दोन रस्ते आहेत. इंडियन रिवाइज्ड व्हर्जन म्हणून मराठी भाषांतर आहे, ब्रिज कनेक्टिव्हिटी सोल्युशन्सचं, ते क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर खुलं दिलेलं आहे. त्यांचं नाव द्यायचं, काही बदललं तर तसं सांगायचं, आणि पुढे देताना तोच परवाना ठेवायचा, एवढंच. ते यूएसएफएम नावाच्या साध्या टेक्स्ट रूपात मिळतं, त्यात अध्याय आणि वचनांच्या खुणा आधीच असतात, म्हणून टायपिंगचा प्रश्नच मिटला. दुसरं, पंडिता रमाबाईंचं भाषांतर. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी ते केलं, एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून झालं. त्याचा हक्क कुठल्याही हिशोबाने संपलेला आहे. मला विचाराल तर तुमच्या तरुण संघाने आठवडा नाही, वर्ष घालवावं ते याच्यावर. खुलं भाषांतर मॉड्यूलमध्ये बसवणं एखादा जाणकार संध्याकाळी बसून करेल, रमाबाईंची पानं वाचून वचनागणिक उतरवणं हे मराठी माणसांशिवाय कोण करणार? तसंच बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांची नव्या करारावरची टीका, म्हणजे भाष्य. मराठी ख्रिस्ती माणसाने मराठीत लिहिलेली टीका, ती कॉमेंटरी म्हणून मत्तयाशेजारी उघडली तर काय बहार येईल बघा.

द वर्डमध्ये बायबलची फाईल म्हणजे चक्क साधी टेक्स्ट फाईल असते, एका ओळीत एक वचन, ओळीवर नंबरसुद्धा नसतो. पूर्ण बायबलला ३१,१०२ ओळी, फक्त नवा करार असेल तर ७,९५७, जुना २३,१४५. त्यानंतर नाव, माहिती वगैरेच्या ओळी. म्हणजे लेवीयमध्ये कुठेतरी एक एंटर जास्तीचा पडला की तिथपासून प्रकटीकरणापर्यंत सगळी वचनं एकेक घर सरकली, रेशनच्या रांगेत मध्येच कुणी घुसल्यासारखं. म्हणून प्रत्येक पुस्तकाची वेगळी फाईल करा, ओळी मोजा, मगच जोडा. हा आकडा किंग जेम्स या इंग्रजी भाषांतराच्या वचनसंख्येवरून आहे आणि सगळी भाषांतरं त्याला जुळत नाहीत. मत्तय १७:२१ किंवा प्रेषितांची कृत्ये ८:३७ काही भाषांतरांत मजकुरात नसतं, तिथे ओळ काढायची नाही, रिकामी सोडायची. तिसऱ्या योहानाला किंग जेम्समध्ये १४ वचनं आहेत, काहींमध्ये १५, ते पंधरावं चौदाव्याच्याच ओळीत जोडायचं. सेव्ह करताना यूटीएफ-८ हा युनिकोडचा प्रकार निवडा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं.

प्रश्न : आमच्या कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं. ही सॉफ्टवेअरवाली मंडळी ६६ वरच थांबतात. मक्काबी, तोबित कुठे घालायचे? — एक वाचक, वसई

उत्तर : द वर्डच्या त्या साध्या फाईलमध्ये जागाच नाही, खरं आहे, तिथे साधं पुस्तक म्हणून घालावं लागेल आणि वचनाबरोबर सरकणार नाही. क्रॉसवायरच्या स्वोर्ड या खुल्या बायबल सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात मॉड्यूल बनवताना वचनपद्धती, म्हणजे पुस्तकांची आणि वचनांची मांडणी, निवडता येते आणि त्यात कॅथलिक हा पर्याय आहे. शिकायला जरा वेळ लागतो, कमांड टाईप कराव्या लागतात, घरात इंजिनिअरिंगचं पोरगं असेल तर त्याला बसवा. ते मॉड्यूल मग फोनवर अँडबायबल या अ‍ॅपमध्येही चालतं.

प्रश्न : मी द वर्डमध्ये बायबल स्टडीच्या नोट्सचं छान मॉड्यूल केलं आणि मैत्रिणींना पाठवलं. एकीकडे मॅक आहे, बाकीच्या फोनवाल्या. कुणाचंच उघडेना. माझं काय चुकलं? — एक वाचक, दुबई

उत्तर : चुकलं काही नाही, द वर्ड विंडोजचं आहे आणि त्याची फाईल त्यालाच कळते. ई-स्वोर्ड या दुसऱ्या सॉफ्टवेअरची वेगळी, फोनवरच्या मायस्वोर्डची वेगळी, लोगोस तर स्वतः बिल्ड केलेलं पुस्तक नाही, तुमची डॉकएक्सच मागतं. गंमत म्हणजे बायबलची साधी टेक्स्ट फाईल सोडली तर द वर्ड, ई-स्वोर्ड आणि मायस्वोर्ड तिघांच्याही मॉड्यूलच्या पोटात एसक्यूलाईट नावाचाच डेटाबेस असतो, फक्त कप्पे वेगळे, म्हणून एकातून दुसऱ्यात नेणारे कन्व्हर्टर लोकांनी केलेत. तरी तुम्ही वाटताना मूळ वर्ड फाईलच वाटा, हेडिंग नीट लावलेली, संदर्भ एकाच पद्धतीने लिहिलेले. ज्याला ज्यात घालायचं त्यात तो घालेल, आणि उद्या ही सगळी सॉफ्टवेअरं बंद पडली तरी तुमचं लिखाण राहील. तयार मॉड्यूल सोबत द्या, पण सोबतच. फोनवाल्यांना हेही सांगा की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाईलवर बोट दाबून ती उघडत नसते, डाऊनलोड करून अ‍ॅपच्या मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये टाकावी लागते.

पहिल्या पानावर चार ओळी लिहा : कुणी लिहिलं, कुठलं भाषांतर वापरलं, पुढे द्यायला परवानगी आहे की नाही, आणि तारीख. तारीख फाईलच्या नावातही घाला. तुम्ही एक चूक दुरुस्त करून नवी पाठवता आणि ग्रुपवर जुनीच फिरत राहते, हे सगळीकडे चाललेलं असतं.

प्रश्न : गीतांचं पुस्तक करून त्यात वचनं जोडली तर? आमच्या महिला मंडळाची फार इच्छा आहे. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : जरूर करा, गीतावरून वचनाकडे आणि वचनावरून गीताकडे जाता आलं तर उपासनेची तयारी करणाऱ्याचं निम्मं काम होईल. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले, त्यांची गीतं कधीच मोकळी झालीत. पण आपल्या गीतपुस्तकांत त्यांच्याबरोबर नंतरचे पुष्कळ कवी आहेत, आणि कायद्याने कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. चाली आणि स्वरलिपी कुणी लिहिल्या असतील तर त्यांचा हिशोब आणखी वेगळा. तेव्हा छापील पुस्तक उचलून सगळं उतरवू नका, एक यादी करा, गीताची पहिली ओळ, कवी, कवीच्या मृत्यूचं साल. साल सापडलं आणि ६० वर्षं उलटली तर पूर्ण गीत घाला. नाही सापडलं तर नुसती पहिली ओळ, पुस्तकातला नंबर आणि वचन एवढं द्या, शोधणाऱ्या बायकांना तेवढंही पुरतं, पुस्तक तर प्रत्येकीच्या घरी आहेच.