सागाची जाळी कापतो, कट तिरका जातो, मशीन थरथरते. जळगावात घरी असलेली पिनवाली 16 इंची स्क्रोल सॉ (बारीक पातं वर-खाली हलवून नक्षी कापणारं मशीन; पात्याच्या टोकांना आडवी पिन असते) बदलावी का?
लगेच बदलू नका. तिरका कट आणि थरथर हे दोष बहुतेक वेळा पात्याचे आणि बैठकीचे असतात. सागात सिलिका असते, धार लवकर जाते. बोथट पात्यावर लाकूड रेटलं की पातं मधे वाकतं. नवं पातं लावा, बोटाने छेडल्यावर स्वच्छ टणत्कार येईल इतकं ताणा, मशीन जड बाकाला बोल्टने आवळा. मग 40 मिमी जाड तुकड्याच्या कडेला बारीक खाच पाडा आणि तो फिरवून पात्याच्या मागून लावा. खाच पात्याशी जुळली नाही, तर टेबल काटकोनात नाही.

देवघराच्या जाळीत खरी अडचण पिनची. तिला साधारण 5 मिमीचं भोक लागतं, नाजूक नक्षीत ते डोळ्यात खुपतं. बिनपिनी 5 इंची बारीक पातं 1.5 मिमीच्या भोकातूनही जातं, म्हणून बिनपिनी पातं धरणारा अडॅप्टर तुमच्या मशीनला बसत असेल तर आधी तो घ्या.

मात्र मशीनचा वरचा हात (पातं धरणारा दांडा) आडवा हलवल्यावर ढिलेपणा जाणवला आणि त्याच्या सांध्यातले बुश (झिजणाऱ्या नळ्या) मिळत नसतील, तर नवीच घ्या. बिनपिनी क्लॅम्प आणि वेग कमीजास्त करायची सोय असलेली.