बाटली बेसिनमध्ये ओतून टाकू का?

"मॅडम, आज हे झोपले की बाटली बेसिनमध्ये ओतून टाकू का?" मी दारू सोडू पाहणाऱ्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करते. ऑगस्ट २०२० मध्ये एका ताईंचा फोन आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

नवरा पुण्यात आयटीत. मार्चपर्यंत पिणं म्हणजे शनिवारी, मित्रांबरोबर. मग घरून काम, पगारकपात. जूनमध्ये गावी वडील करोनाने गेले. प्रवासाचा ई-पास हातात पडेपर्यंत अंत्यविधी उरकला होता, तो यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिला. त्यानंतर रोज पिणं, तेही दुपारी चारपासून.

ताईंना मी लगेच 'हो' म्हणाले नाही. त्याचं कारण एप्रिलमध्ये होतं. लॉकडाऊनमुळे दारूची दुकानं बंद होती तेव्हा एका आईला मी म्हणाले होते, "बरंच झालं, आपोआप सुटेल." दुसऱ्याच दिवशी तिच्या मुलाला फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास, भ्रम. जिवावरही बेततं. हे मला पाठ होतं. पण तेव्हा मलाही आयतं यश हवं होतं.

म्हणून ताईंना आधी विचारलं, "सकाळी चहा घेताना हात कापतो का?"

"कप दोन्ही हातांनी धरतात. मला वाटलं, अशक्तपणा."

मग म्हटलं, आज ओतू नका, उद्या मानसोपचारतज्ज्ञ गाठा. डॉक्टरांनी तपासून गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व दिलं, आणि ताईंच्या देखरेखीखाली घरीच दारू सोडवली. प्रत्येकाचं घरी जमत नाही. आधी फिट आलेली असेल तर दाखलच करावं लागतं.

पुढच्या आठवड्यात ते स्वतः फोनवर आले, जरा घुश्शातच. "मी काय गटारात पडतो का? एक दिवस कामाला दांडी मारलेली नाही." मी वाद घातला नाही. चारच का, एवढंच विचारलं.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चारला वडिलांचा फोन यायचा. चहा झाला का, विचारायला."

खरं सांगायचं तर मी नोकरीची भीती गृहीत धरून बसले होते.

चार वाजता ते आता गावी भावाला फोन करू लागले. दोघंही सुरुवातीला पावसापाण्याचंच बोलत. एका रात्री दोघं फोनवर रडले. दिवाळीत मित्राकडे प्यायले, ताई हादरल्या, "सगळं पाण्यात गेलं का?" नाही गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलं.

फोन झाला की ते बाल्कनीत झाडांना पाणी घालतात. ताई सकाळीच घालून ठेवतात, त्यामुळे पुदिना दोनदा कुजला.